पाल्यातलं औषध

वसईतल्या सांडोरची सालोमी तुस्कानो मुंबईत नेमकं काय काम करते, हे तिच्या घरात कुणालाच धड सांगता येत नसे. आईला कुणी विचारलं की ती म्हणे, "पाला उकळते." ऐकणारा हसायचा. सालोमीही हसायची, कारण ते अगदीच खोटं नव्हतं.

ती एका संशोधन संस्थेत रसायनशास्त्रज्ञ होती. झाडापाल्यातून कर्करोगावर चालेल असं काही मिळतं का, हे शोधणारा एक विभाग त्या संस्थेत होता. कामाची रीत ठरलेली. आलेला पाला सावलीत वाळवायचा, भरडायचा, मद्यार्कात भिजत घालायचा. मग तो अर्क आटवायचा आणि त्यातले घटक एकेक करून वेगळे काढायचे. शेजारच्या खोलीत काचेच्या बशीत कर्करोगाच्या पेशी वाढवलेल्या असत. त्यांच्यावर प्रत्येक घटकाचा थेंब सोडून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय झालं ते बघायचं. बहुतेक वेळा काहीच होत नसे. पेशी आपल्या सुखानं वाढत राहत. वडिलांच्या वाडीत केळी, वांगी, दुधी यांच्यात वाढलेल्या सालोमीला याचं फारसं वाईट वाटत नसे. दहा रोपं लावली की दहाही धरत नाहीत, हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. तिनं लग्न केलं नाही. त्याचं कारण विचारणारेही हळूहळू थकले.

शहाण्णव सालचा पावसाळा सरला आणि विभागप्रमुख डॉ. सदानंद कर्णिकांनी खाडीकाठच्या वनस्पती तपासायचं ठरवलं. सालोमी वसईची, म्हणून गोळा करायचं काम तिच्याकडे आलं. पापडीच्या बाजारात मासे विकायला येणारी कळंबची शकू तिच्या ओळखीची होती. एका रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून सालोमी तिच्याकडे गेली. शकूनं तिला खाडीच्या कडेकडेनं फिरवलं, चिखलात उतरून चारपाच तऱ्हेचा पाला काढून दिला. त्यात एक गुडघाभर उंचीचं झुडूप होतं. पान मोडलं की दुधासारखा चीक येई. शकू त्याला चिकाडी म्हणे.

"गुडघं सुजलं का लावतो आम्ही," ती म्हणाली. "पन पोटात न्हाय घेत कोनी. बकरी बी तोंड लावीत न्हाय."

संस्थेच्या नोंदीत चिकाडीचं लांबलचक लॅटिन नाव चढलं. आणि पुढल्या मार्चात, इतर सगळा पाला नेहमीप्रमाणे निकामी ठरला असताना, चिकाडीच्या अर्कानं बशीतल्या पेशी मारल्या. सालोमीनं प्रयोग पुन्हा केला. नवा पाला आणून तिसऱ्यांदा केला. पेशी मेल्याच.

डॉ. कर्णिक मोजकं बोलणारे गृहस्थ. पण त्या आठवड्यात ते दोनदा तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. नंतर वसईतल्या एका महाविद्यालयात त्यांचं व्याख्यान झालं. तिथं त्यांनी सांगितलं की, तुमच्याच खाडीतल्या एका झुडपाचा अर्क प्राथमिक चाचणीत आशादायक वाटतो आहे. 'प्राथमिक' हा शब्द त्यांनी जपून उच्चारला होता. सालोमी पहिल्या रांगेत बसून ऐकत होती. पण गावातल्या साप्ताहिकात बातमी छापून आली ती अशी: 'कळंबच्या खाडीत कर्करोगावर औषध. सांडोरच्या कन्येचा शोध.'

त्यानंतर तुस्कानोंच्या अंगणात माणसं येऊ लागली. कुणाच्या आईचं गर्भाशय, कुणाच्या भावाचा घसा. नालासोपाऱ्याच्या नव्या इमारतींतून यायचे, आगाशीहून यायचे, एक कुटुंब तर डहाणूहून आलं. सालोमी सगळ्यांना ओटीवर बसवी, पाणी देई आणि तेच ते सांगे.

"बशीतल्या पेशी मेल्यात. माणूस कुणी बरा झालेला नाही. बशीत फिनेल ओतलं तरी पेशी मरतात. म्हणून फिनेल प्यायचं का?"

काही जणांना ते पटे. काही जण मान डोलावून उठत आणि तिथून थेट कळंबची वाट धरत. महिन्याभरात खाडीच्या त्या काठावर चिकाडीचे नुसते खुंट राहिले.

याच उन्हाळ्यात तिच्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याच्या मानेत गाठ आली.

प्लासिड मच्याडो पापडीचा. वडिलोपार्जित वाडीत केळी आणि पानवेली; पण त्याचा खरा जीव क्लॅरिनेटमध्ये. गावच्या बँडमध्ये तो विसाव्या वर्षापासून वाजवत होता. पापडी, सांडोर, गिरीज, कुठलंही लग्न असो, वरात निघाली की पुढं प्लासिड असायचा. सालोमीची बहीण रिटा तिच्याहून दोनच वर्षांनी मोठी, म्हणून सालोमी तिला नावानंच हाक मारी. प्लासिडला मात्र ती रीतसर भावजी म्हणे.

मानेतली गाठ आधी दाताची म्हणून दुर्लक्षिली गेली. मग दुसरी आली, काखेत तिसरी. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तुकडा काढून तपासला तेव्हा लसीकाग्रंथींचा कर्करोग निघाला. तिथल्या डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, "हा कॅन्सर ऐकतो. दर पंधरा दिवसांनी इंजेक्शनं, सहाएक महिने. मधे सोडायचं नाही, एवढीच अट."

सालोमी सोबत होती. तिनं कागदावरची औषधांची नावं वाचली. चारांपैकी एक नाव तिच्या रोजच्या ओळखीचं होतं. तिला जरा हायसं वाटलं.

पहिल्या दोन खेपांतच प्लासिडचे केस गेले. तोंडाची चव गेली. आठवड्यातले चार दिवस तो उलटीच्या भीतीनं बादली जवळ घेऊन पडून राही. चौथ्या खेपेनंतर एका संध्याकाळी सालोमी पापडीला गेली, तेव्हा तो पडवीतल्या बाकावर बसला होता. चर्चमधली संध्याकाळच्या प्रार्थनेची, आयमोरीची घंटा होऊन गेली होती. रिटा आत प्रार्थना म्हणत होती.

"सालू, तुझा तो पाला मला दे," तो म्हणाला.

"कुठला?"

"कळंबचा. सगळं गाव घेऊन गेलं, घरच्या माणसाला तेवढा नाही."

"तो अजून उंदराला दिलेला नाही, भावजी. तुम्हाला कुठून देऊ?"

"मला हे विष सोसत नाही." त्यानं दंडावरची काळी पडलेली शीर दाखवली. "झाडपाल्याचं असतं तर अंगाला मानवलं असतं. हे सगळं कारखान्यातलं."

इथं सालोमीला वाटलं, आपल्याला नेमकी गोष्ट सापडली. ती उठली, अंगणाच्या कडेला गेली. रिटानं तिथं विहिरीपर्यंत सदाफुलीची रांग लावली होती, गुलाबी आणि पांढरी. तिनं एक डहाळी मोडून आणली आणि त्याच्या हातात दिली.

"तुमच्या चार औषधांतलं एक यातलं आहे," ती म्हणाली. "ते बिनरंगाचं इंजेक्शन असतं ना, ते. या पानातून काढतात. चाळीस वर्षं होत आली शोधून. त्यावर रक्ताचा कॅन्सर झालेली पोरं बरी झाली. म्हणजे तुम्ही झाडाचंच औषध घेताय. वेगळ्या पाल्याची गरज नाही."

प्लासिडनं डहाळी उलटसुलट करून पाहिली. रिटा प्रार्थना संपवून दारात येऊन उभी राहिली होती. तिनंही ऐकलं.

"ही?" रिटा म्हणाली. "ही तर सिमेटरीतसुद्धा आपोआप उगवते."

"तीच."

सालोमी घरी आली ती समाधानानं. इतकी वर्षं आईला जे समजावता आलं नव्हतं, ते आज एका डहाळीत समजावून झालं, असं तिला वाटत होतं.

नंतरचे काही आठवडे तिला संस्थेत श्वास घ्यायला सवड नव्हती. चिकाडीतला जो घटक पेशी मारत होता तो जवळजवळ शुद्ध होऊन हाती आला होता, उंदरांवरच्या चाचण्या सुरू व्हायच्या होत्या. रिटाचा फोन घराशेजारच्या दुकानात येई. तब्येत कशी, तर बरी. खेप झाली का, तर झाली. उलट्या? कमी आहेत. आवाजात काही वावगं नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी रिटानं घाईनं बोलावून घेतलं. प्लासिड केळीत काम करताना कोसळला होता. सालोमी पोचली तोवर त्याला वसईतल्या एका छोट्या दवाखान्यात नेलं होतं. अंगात ताप होता, तोंड आतून सोललेलं होतं. डॉक्टर म्हणाले, साखर फार उतरली होती, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशीही. मग त्यांनी विचारलं, "मुंबईचं औषध शेवटचं कधी घेतलं?"

रिटा चादर सारखी करू लागली. प्लासिडच्या मानेकडं सालोमीचं लक्ष गेलं. बसत आलेली गाठ पुन्हा सुपारीएवढी दिसत होती.

बाहेर व्हरांड्यात दोघी बहिणी बाकावर बसल्या. पाऊस नव्हता, पण कौलांवरून गळून साचलेलं पाणी अंगणात होतं.

"किती खेपा चुकवल्या?" सालोमीनं विचारलं.

"तू येऊन गेलीस तेव्हापासून नाही गेलो. ते म्हणाले, इंजेक्शनं सोडली ते सालूला सांगू नकोस, म्हणून फोनवर झाली म्हणत होते."

"आणि?"

"सदाफुली. मी रोज काढून देत होते. मूठभर पानं, पेलाभर पाण्यात उकळून. सकाळ-संध्याकाळ." रिटा तिच्याकडं न बघता बोलत होती. "उलटी थांबली. ते जेवायला लागले. आम्हाला वाटलं, मानवलं."

"कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

रिटानं मान वळवली. "कुणी म्हणजे? तूच."

आपण काय सांगितलं होतं ते सालोमीनं मनात शब्दाशब्दानं आठवून पाहिलं. चुकीचं एक अक्षर नव्हतं. पण ज्याला आधीच एक वाट नको झाली आहे त्याला आपण दुसरी दाखवून आलो, हे तिच्या ध्यानात आलं. मग ती उठली, कोपऱ्यावरच्या दुकानातून शहाळं आणलं आणि आत गेली.

दोन दिवसांनी ताप उतरला. प्लासिड उशीला टेकून बसू लागला. त्यानं स्वतःच विषय काढला.

"एका पानात ते औषध किती असतं?"

"सांगता येत नाही. टनभर पाला घेतला तर शेवटी चिमूटभर निघतं."

"मग मी इतके दिवस प्यायलो त्यात काहीच नव्हतं?"

"तेही सांगता येत नाही. या झाडात एक असतं, शेजारच्या झाडात दुसरं. पावसात वेगळं, उन्हात वेगळं. आणि पानात ते एकटं नसतं. शेसव्वाशे इतर गोष्टी असतात. काहींनी साखर उतरते. लोक त्यासाठी मधुमेहावर पितात. तुम्हाला मधुमेह नाही. तुमची उतरली."

"आणि इंजेक्शनात?"

"तेवढं एकच असतं. मोजून. तुमचं वजन बघून, रक्त बघून. तेही विषच आहे, भावजी. फक्त किती द्यायचं ते ठाऊक असलेलं."

प्लासिडनं विचारलं, "हे त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं नाही, तुम्ही पाला काढाल."

"झाडात औषध आहे म्हणालीस. झाड दारात. आम्ही दुसरं काय करणार होतो?" त्याच्या आवाजात राग नव्हता. तो खरोखर विचारत होता.

पंधरा वर्षं सालोमी ज्या कामात होती त्यात पानापासून औषधापर्यंतचा रस्ता इतका सवयीचा झाला होता की, दुसऱ्याला तो दिसतच नसेल, हे तिच्या मनात आलं नव्हतं.

मुंबईच्या डॉक्टरीणबाईंपुढं जायला प्लासिड आढेवेढे घेत होता. त्या ओरडतील, हाकलून देतील, असं त्याला वाटत होतं. सालोमी आधी एकटी जाऊन आली. तिनं झालं ते सगळं सांगितलं, आपण काय बोललो तेसुद्धा. बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले.

"महिन्यातून असे तीन-चार येतात," त्या म्हणाल्या. "कुणी गोमूत्र, कुणी राख. निदान तुमच्याकडं झाड तरी बरोबर होतं. त्यांना सोमवारी घेऊन या. आता मात्र सहा महिन्यांत भागणार नाही."

भागलं नाहीच. औषधं बदलावी लागली, मग मानेवर किरणं द्यावी लागली. अठ्ठ्याण्णवचा पावसाळा आला तेव्हा प्लासिडची शेवटची खेप झाली. गाठी गेल्या त्या गेल्या. बाईंनी पाच वर्षं दर काही महिन्यांनी बोलावलं आणि दरवेळी त्याच्या मानेवरून बोटं फिरवून समाधानानं मान डोलावली.

प्लासिडच्या बोटांचं मात्र राहून गेलं. हातापायांच्या टोकांना आलेली बधिरता काही पुरती उतरली नाही. ती इंजेक्शनांनी आली की पाल्यानं तिच्यात भर घातली, हे बाईंनाही सांगता आलं नाही. सालोमीलाही नाही. शर्टाची गुंडी लावायला प्लासिडला रिटा लागे. एका डिसेंबरात, लग्नसराईच्या तोंडावर, त्यानं क्लॅरिनेट बाहेर काढलं, जोडलं, ओठांना लावलं. बोटं भोकांवर होती, पण ती तिथं आहेत की नाहीत हे त्याला बघावं लागत होतं. दोन-तीन सूर वाजले, मग फाटले. त्यानं वाद्य पुसलं, पेटीत ठेवलं आणि पेटी बँडचा मुख्य फर्डिनंड याच्याकडं पोचती केली. फर्डिनंडनं ती ठेवून घेतली. पण प्लासिडला सोडलं नाही. नवीन वाजवणाऱ्यांची तालीम घ्यायला त्यानं त्याला बसवलं. प्लासिडचा कान शाबूत होता. चुकीच्या सुराला तो बाकावर हात आपटायचा, आणि हाताला लागलेलं त्याला कळायचं नाही.

चिकाडीची हकिकत तेवढीही लांबली नाही. उंदरांच्या अंगातली गाठ अर्कानं खरंच लहान झाली. पण त्याबरोबर उंदीरही वाळले. मात्रा कमी केली तर उंदीर जगत आणि गाठही जगे. मधली जागा सापडेना. त्यातच शुद्ध घटकाची रचना उलगडली आणि सालोमीला जुन्या शास्त्रीय मासिकांत ती तशीच्या तशी मिळाली. परदेशात कुणीतरी दुसऱ्याच एका झाडातून तो घटक तिच्या जन्माच्या सुमारास काढला होता, तपासला होता आणि यकृत खातो म्हणून सोडून दिला होता. डॉ. कर्णिकांनी ते वाचून मासिक मिटलं.

"म्हणजे आपलं बरोबर निघालं," ते म्हणाले. "फक्त उशिरा."

चार पानांचा शोधनिबंध झाला. साप्ताहिकानं त्याची बातमी छापली नाही.

सालोमी कळंबला गेली ती शकूला हे सांगायला. शकू दारात बोंबील सुकत घालत होती.

"मंग आता पाला नको?"

"नको."

"बरं झालं. मानसा येत होती, दादर काय नि ठानं काय. मुळासकट उपटली. मी सांगत होते, पिऊ नका रं. कोन ऐकतोय." तिनं वाळवणाच्या वलांडीवरचा एक बोंबील सारखा केला. "येका बाईचा नवरा गेला. ती मला बोलून गेली. मी काय केलं व्हतं?"

सालोमी तिच्याजवळ खाली बसली. "काही नाही केलंस," ती म्हणाली. त्या बाईचं नाव शकूला ठाऊक नव्हतं. सालोमीच्या ओटीवर येऊन, पाणी पिऊन, मान डोलावून गेलेल्यांपैकीच ती असणार, असं सालोमीला वाटत राहिलं. पण ते तपासायची काही सोय नव्हती.

पुढं तिच्या विभागाकडं सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडाचं काम आलं. त्या झाडातल्या घटकापासून औषधं निघाली होती आणि ती बाजारातही आली होती. त्यामुळं घाटात रातोरात झाडं तुटत होती. टेबलावर नरक्याचं लाकूड आलं की ते कुठून आलं, कुणी तोडलं, हे विचारायची सालोमीला सवय लागली. डॉ. कर्णिकांना ते आवडत नसे. ती विचारायची थांबली नाही.

डॉ. कर्णिक निवृत्त झाले, तिची बढती एकदा हुकली आणि एकदा झाली. अंगणात येणारी माणसं कमी झाली तरी बंद झाली नाहीत. तिची बोलायची रीत मात्र आता बदलली होती. फिनेलचं उदाहरण तिनं टाकून दिलं. चर्चच्या सभागृहात महिला मंडळानं तिचं भाषण ठेवलं, तेव्हा 'झाडांतून मिळालेली औषधं' असा विषय फलकावर लिहिला होता; ती बोलली ती मात्र पानात काय नसतं यावर. भाषण थोडं रटाळ झालं. पुढच्या रांगेतल्या दोघी पेंगल्या. रिटा मागं बसून शेवटपर्यंत ऐकत होती. घरी जाताना ती एवढंच म्हणाली, "हे बरं होतं."

दोन हजार पाचच्या सुमारास, एका शनिवारी दुपारी, विरारच्या एका वसाहतीतून परेश नावाचा तरुण आला. बँकेत नोकरीला होता. बायकोला, सुरुचीला, स्तनाचा कर्करोग झाला होता. त्यानं पिशवीतून प्लास्टिकची बाटली काढून ओटीवर ठेवली. आत तपकिरी भुकटी होती. कुणा वैद्यानं दिली म्हणाला, एका सालीची आहे. तुम्ही तपासून सांगाल का, यात काही आहे का?

सालोमीनं बाटलीकडं पाहिलं, पण हात लावला नाही. त्याला बसायला सांगितलं. आतून पाणी आणलं, तो पिईपर्यंत थांबली.

"आधी मला सांगा," ती म्हणाली, "सुरुचीबाईंची इस्पितळातली पुढची तारीख कधी आहे?"

परेश जरा चाचरला. "मंगळवारी होती. पण आम्ही विचार करतोय की..."

"मंगळवार अजून यायचा आहे," सालोमी म्हणाली. "त्यांना घेऊन जायला कुणी आहे, की मी येऊ?"